घरची ठेव : चिरुटांची पेटी आणि आर्द्रा नक्षत्र

मृग नक्षत्र लागलें म्हणजे आमच्या शहापूर-मुरबाडकडील घरांत कांहीं गोष्टी न चुकतां घडूं लागतात. माजघराचें दार चौकटींत अडूं लागतें, मिठाच्या भांड्यांत पाणी सुटतें, डब्यांतला पापड वांकतो पण मोडत नाहीं, आणि भजनांतल्या पखवाजाचा आवाज उतरतो. यंत्र न ठेवतांहि हवेंतला ओलावा ओळखण्याचीं हीं चार साधनें प्रत्येक घरीं असतातच. पुढें सूर्य आर्द्रा नक्षत्रांत गेला म्हणजे तर विचारूंच नये. त्या नक्षत्राचें नांवच मुळीं ओलाव्याचें आहे. ज्या पावसानें तानसा आणि भातसा हे शहापूर तालुक्यांतील तलाव भरतात व मुंबईसारख्या शहराची तहान भागते, तो पाऊस आपल्या कपाटाच्या बाहेर थांबेल अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

गेल्या अंकीं आम्हीं उन्हाळी वाळवणांविषयीं लिहिलें होतें. त्यावर जीं पत्रें आलीं त्यांत मुरबाड तालुक्यांतील एका एकत्र कुटुंबांतून आलेलें पत्र निराळें आहे. पत्रलेखकांचे वडील बंधु तीस वर्षें व्यापारी जहाजांवर नोकरीस होते. निवृत्त होऊन घरीं आले तेव्हां त्यांनीं परदेशी चिरुटांची पंचवीसांची एक पेटी बरोबर आणिली. सणावारीं जेवण झाल्यावर अंगणांत बसून एखादा ओढावा, एरव्हीं पेटी कुलपांत, असा त्यांचा परिपाठ असे. गेल्या मार्गशीर्षांत ते वारले. पेटींत एकोणीस चिरूट उरले आहेत. घरांत दुसरें कोणी ओढीत नाहीं. वहिनी म्हणतात, "त्यांची वस्तु आहे तशी राहूं द्या." एक पुतणी वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती म्हणते, सोळा-सतरा वर्षांचे दोघे मुलगे घरांत असतां ही पेटी नको. आणि पत्रलेखकांना घोर लागला आहे तो पावसाचा. पेटीबरोबरच्या छापील चिठ्ठींत, आंत ओलावा राखावा असें लिहिलें आहे. इकडे तर ओलाव्यानें भिंतीवर बुरशी चढते. तेव्हां करावें काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

कौटुंबिक मासिकांत तंबाखूची चर्चा कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु तंबाखू आपल्या घरांत काल शिरली नाहीं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती या देशांत आली. विजापूरच्या दरबारीं गेलेल्या असद बेगानें ती तेथून नेऊन इ. स. १६०४ च्या सुमारास अकबरापुढें ठेविली, आणि १६१७ मध्यें जहांगीरानें तिला मनाई केली. मनाईनें काय साधलें तें सर्वांस ठाऊकच आहे. शास्त्रीमंडळींच्या कनवटीला तपकिरीची डबी असे आणि तिला कोणी नांवें ठेवीत नसे. चिरूट मात्र साहेबाचा म्हणून ओसरीच्या बाहेर राहिला. वस्तुतः 'चिरूट' हा शब्दहि साहेबाचा नव्हे. तमिळ भाषेंत 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्यावरून तो इंग्रजींत गेला आणि आपल्याकडेहि आला. असो. प्रश्न वस्तु राखण्याचा आहे, आणि हें सदर त्याचसाठीं आहे.

चिरूट म्हणजे आंतबाहेर तंबाखूचेंच पान. विडीला आपट्याचें किंवा टेंभुर्णीचें पान लागतें, सिगारेटला कागद लागतो; चिरुटाला यांपैकीं कांहीं नाहीं. पान तोडून, वाळवून, ढीग रचून मुरविल्यावरहि त्याचा हवेंतील ओलाव्याशीं असलेला व्यवहार थांबत नाहीं. म्हशाच्या यात्रेंत घेतलेली लोंकरीची घोंगडी आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनहि हाताला ओली लागत नाहीं. पानाचाहि स्वभाव तसाच. भोंवतालची हवा कोरडी असली तर तें ओलावा देतें, दमट असली तर घेतें, आणि दोहोंचा मेळ बसला म्हणजे स्वस्थ राहतें. फार कोरडें पडलें कीं बाहेरचें वेष्टण तडकतें व सुगंधी तेलें उडून जातात. फार ओलें झालें कीं चिरूट फुगतो, वेष्टण उकलतें आणि शेवटीं बुरशी धरते.

यासाठीं जाणत्यांनीं प्रमाण ठरविलें आहे. अमुक उष्णमानांत हवेला जितकी वाफ धरतां येते, तिच्या शंभर भागांपैकीं किती भाग हवेंत प्रत्यक्ष आहे, त्या आंकड्यास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. चिरुटांना ही आर्द्रता शेंकडा ६५ ते ७२ आणि उष्णमान १८ ते २१ अंश सेंटिग्रेड मानवतें, असें सामान्यतः सांगतात. वाचकांनीं येथेंच एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बुरशीचा अंमल साधारणपणें सत्तरीच्या आसपास सुरू होतो, आणि ऊब मिळाली कीं तो झपाट्यानें वाढतो. म्हणजे चिरुटाचें घर बुरशीच्या शिवेला लागूनच आहे. विलायतेंतल्या गार खोलींत सत्तर टक्के निभावतील. आमच्याकडे घरांतलें उष्णमान वर्षांतले बरेच महिने पंचवीस अंशांच्या वर असतें, तेव्हां आंकडा ६२ ते ६५ च्या दरम्यान राखणें शहाणपणाचें.

आतां त्या छापील चिठ्ठीविषयीं. ती खोटी नाहीं. ती दुसऱ्या घरासाठीं लिहिलेली आहे. एक घनमीटर हवा ३० अंशांवर सुमारें ३० ग्रॅम वाफ धरूं शकते, २० अंशांवर सुमारें १७, आणि ० अंशावर सुमारें ५ च. थंड देशांत हिंवाळ्यांत बाहेरची गोठलेली हवा घरांत शिरते व तेथें तापविली जाते. वाफ तितकीच ५ ग्रॅम, पण तापलेल्या हवेची पात्रता १७ ची. म्हणून बाहेर धुकें असलें तरी घरांतील आर्द्रता तीस टक्क्यांच्याहि खालीं उतरते. अशा घरांत चिरुटांना पाणी पाजावें लागतें. 'ओलावा ठेवा' हा उपदेश तेथला आहे. आमच्याकडे आषाढ-श्रावणांत तोच उपदेश पाळणें म्हणजे पुरांत उभ्या असलेल्या माणसास पाण्याचा तांब्या देण्यासारखें होईल.

इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. नाणेघाटाच्या वाटेनें जुन्नर व मुरबाड तालुक्यांतील वैशाखरें यांचा संबंध सातवाहनांच्या काळापासूनचा आहे. तरी जुन्नर पर्जन्यछायेंतलें आणि आम्ही पावसाच्या तोंडचे. घाटावर जी वस्तु नुसत्या फडताळांत चांगली राहते, ती घाट उतरली कीं आठ दिवसांत मऊ पडते, हा अनुभव घाटावरच्या माहेराहून गूळ आणणाऱ्या प्रत्येक गृहिणीस आहे. शिवाय आमची हवा बारा महिने सारखी दमटहि नसते. फाल्गुनापासून दुपारची हवा चांगलीच कोरडी होते. तेव्हां चिरूट वाळतात. म्हणजे एकाच पेटीला चैत्र-वैशाखांत ओलावा पुरवावा लागतो आणि पावसाळ्यांत तो अडवावा लागतो. बाहेरचा ऋतु आपल्या हातीं नाहीं. पेटींत मात्र आपला एक लहानसा, न बदलणारा ऋतु निर्माण करतां येतो. सारें कौशल्य तेवढेंच.

त्यासाठीं प्रथम मोजण्याचें साधन खरें पाहिजे. जिनेव्हा येथील सोस्यूर या शास्त्रज्ञानें अठराव्या शतकांत माणसाच्या केंसाचा आर्द्रतामापक केला. ओलाव्यानें केंस लांबतो, कोरडेपणानें आंखडतो, एवढ्यावरच तो चाले. हल्लीं आंकडे दाखविणारे लहान मापक अल्प किंमतींत मिळतात, पण ते पांच-सात टक्क्यांनीं सहज खोटें सांगतात. त्यांची परीक्षा घेण्याची युक्ति आमच्या स्वयंपाकघरांतच आहे. बाटलीच्या एका झांकणांत साधें मीठ घ्यावें, त्यावर पाण्याचे थेंब टाकून तें ओल्या वाळूसारखें करावें. विरघळूं देऊं नये. तें झांकण आणि मापक घट्ट तोंडाच्या बरणींत एक अहोरात्र बंद ठेवावें. ओल्या मिठाभोंवतालची कोंडलेली हवा नेहमीं ७५ टक्क्यांवर स्थिर होते; आपल्या घरांतल्या उष्णमानाच्या चढउतारानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं. मापकानें ७० दाखविले तर तो पांच कमी सांगतो असें समजून पुढें नेहमीं पांच मिळवावे. देहलीदीपन्यायानें या परीक्षेचा उपयोग दोहोंकडे होतो. पोथ्यांच्या पेटींत ठेवायचा मापकहि असाच तपासून घ्यावा.

दुसरी गोष्ट पेटीची. परदेशी चिरुटांच्या पेट्या ज्या लांकडाच्या करतात त्याला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात. पण तो देवदार नव्हे. तो वृक्ष कडुनिंबाच्या कुळांतला. आपल्याकडील तूण हा त्याचा जवळचा आप्त. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वीं दोहोंची गणना एकाच वंशांत करीत. हें लांकूड ओलावा घेतें व सोडतें, म्हणून आंतली हवा एकाएकीं बदलत नाहीं. खऱ्या देवदाराला मात्र उग्र तेल असतें. त्याची पेटी करूं नये. कशीहि असली तरी लांकडी पेटी आमच्या पावसाळ्याला पुरी पडत नाहीं. सांध्यांतून हवा शिरतेच. म्हणून ज्येष्ठ ते आश्विन ती पेटी जशीच्या तशी रबरी कडेच्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. डबा नवा किंवा निर्गंध असावा. ज्या बरणींत कधीं लोणचें मुरलें ती नको; कापूर, वेखंड, डांबराच्या गोळ्या यांचा शेजारहि नको, कारण तंबाखूचें पान वास फार लवकर घेतें. डबा भिंतीला टेकून, फरशीवर किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवूं नये. दिवसा ३० अंशांवर ज्या हवेंत १८ ग्रॅम वाफ सुखानें राहते, तीच हवा रात्रीं गार भिंतीपाशीं २० अंशांवर आली कीं ती वाफ तिला धरवत नाहीं. ती पाणी होऊन पृष्ठभागावर बसते. कोजागिरीनंतरच्या रात्रींत हा प्रकार विशेष होतो.

आंतला आंकडा स्थिर राखण्यासाठीं हल्लीं पुड्या मिळतात. त्यांत क्षार व पाणी असून बाहेर वाफेस वाट देणारा पापुद्रा असतो. तत्त्व आमच्या ओल्या मिठाचेंच. क्षार निराळा म्हणून आंकडा निराळा. हवा कोरडी पडली कीं पुडी वाफ सोडते, दमट झाली कीं ओढून घेते. त्यांवर ६२, ६५, ६९ असे आंकडे छापलेले असतात. आमच्याकडे ६२ किंवा ६५ ची घ्यावी. पुडी टणक झाली म्हणजे कोरडी झाली, बदलावी. पिशवीसारखी फुगली तर डब्यांत हवा शिरते आहे असें समजून झांकण पाहावें. स्पंज भिजवून ठेवण्याची जुनी रीति उन्हाळ्यांत चालेल. पण पाणी शुद्ध केलेलें असावें, विहिरीचें किंवा नळाचें नको, आणि पावसाळ्यांत स्पंज काढून टाकावा. चिरुटावर पांढरी लव दिसली तर विकणारे कधीं कधीं ती तेलाची भुकटी म्हणून सांगतात. घरच्या माणसानें ती बुरशीच समजावी आणि तो चिरूट बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा करावा.

बुरशीखेरीज दुसरा एक शत्रु आहे, आणि तो गृहिणींच्या जुन्या ओळखीचा आहे. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी, डोकें खालीं दुमडलेला असा एक भुंगा तंबाखूंत होतो. तोच हळकुंडांत, सुंठेंत, धन्यांत व मिरच्यांत होतो, आणि पुस्तकांच्या बांधणींतील खळहि खातो. तीस अंशांच्या आसपासची ऊब त्याला फार मानवते. चिरुटाला टांचणीनें पाडल्यासारखीं भोंकें दिसलीं म्हणजे हा पाहुणा आंत जेवून गेला. त्याचीं अंडीं डोळ्यांना दिसत नाहींत, म्हणून उपाय आधींच करावा. चिरूट दोन पिशव्यांत हवाबंद करून, उणे १८ अंशांपर्यंत गार होणाऱ्या कप्प्यांत आठवडाभर ठेवावे. नंतर पिशवी न उघडतां एक दिवस फ्रीजच्या खालच्या भागांत व एक दिवस बाहेर ठेवावी; घाईनें उघडल्यास गार पानावर पाणी सुटतें. नित्य ठेवण्यासाठीं मात्र फ्रीज नको. तेथली हवा बहुधा कोरडी असते आणि वास नाना प्रकारचे असतात.

येथवर जें सांगितलें तें चिरूट ओढण्यायोग्य राखूं इच्छिणारांसाठीं. परंतु मुरबाडकर पत्रलेखकांना आम्ही उलट एक प्रश्न करतों. आपल्या घरीं ते कोण ओढणार आहे? उत्तर 'कोणी नाहीं' असें पत्रांतच आहे. मग त्यांना ओलावा कशासाठीं द्यावयाचा? वस्तु कशी ठेवावी याच्या आधीं ती कशासाठीं ठेवावी हें ठरलें पाहिजे. तें न ठरल्यामुळेंच अर्ध्या घरांतलीं अर्धीं कपाटें भरलेलीं असतात. ओढण्यासाठीं ठेवायचा चिरूट ६५ टक्क्यांवर राखावा लागतो, आणि तेथें बुरशीची धास्ती सदैव असते. स्मृतीसाठीं ठेवायच्या चिरुटाला त्या शिवेवर उभें करण्याचें कारणच नाहीं. तो वाळवावा. पन्नास टक्क्यांच्या खालीं बुरशी वाढत नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें प्रथम गारठवून, मग वैशाखाच्या कोरड्या हवेंत पेटी रोज थोडा वेळ उघडी ठेवून हळूहळू वाळवावे, आणि पावसापूर्वीं कांचेच्या घट्ट बरणींत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसह बंद करावे. दाण्यांचा रंग बदलला कीं पुडी बदलावी. असे चिरूट ठिसूळ होतील, ओढण्याच्या लायक राहणार नाहींत. पण दिसतील तसेच, आणि वर्षानुवर्षें. वहिनींना ते जसेच्या तसे राहायला हवे आहेत. तें याच मार्गानें साधेल.

पुतणीचें म्हणणेंहि आम्हांस पुरतें पटतें. चिरुटाचा धूर छातींत ओढीत नाहींत म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. तोंड, घसा, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्यानें मनाई आहे. दुकानदारावर जें बंधन आहे तें घरच्या कपाटावर कोण घालणार? वडील माणसांनींच. शिवाय मुलांना पेटीचा मोह वाटतो तो तंबाखूपेक्षां कुलपाचा. त्यांना बरणी दाखवावी, आपल्या काकांनीं कोणकोणतीं बंदरें पाहिलीं तें सांगावें, आणि डॉक्टरांनीं या वस्तूविषयीं काय सांगितलें आहे तेंहि त्याच बैठकींत सांगावें. हें सांगण्यास घरांतली भावी डॉक्टर पुतणीच सर्वांत योग्य. एकोणीसच्या एकोणीस राखण्याचीहि गरज नाहीं. वहिनींची अनुमति असेल तर दोन-तीन ठेवून बाकीचे पुरून टाकावे. मात्र अनुमति त्यांचीच हवी. दिरांनीं किंवा मुलांनीं परस्पर निकाल करूं नये. वर्षश्राद्ध होईपर्यंत कशालाच हात लावूं नका असें त्या म्हणाल्या, तर वाळवून बरणींत ठेवलेल्या वस्तूला थांबायला कांहींच अडचण नाहीं. रिकामी झालेली पेटी उन्हांत आठ दिवस ठेवून तींत त्यांचीं जहाजावरून आलेलीं पत्रें ठेवतां येतील. कागदाला पन्नास टक्क्यांच्या आसपासची हवा मानवते, म्हणून तीहि पावसाळ्यांत त्याच रीतीनें डब्यांत बंद करावी.

ज्यांचे मुलगे किंवा जांवई परदेशाहून असल्या पेट्या आणतात, त्यांनींहि हाच प्रश्न आधीं स्वतःस विचारावा. उत्तर मिळालें कीं मृगापूर्वीं मापकाची मिठानें परीक्षा घ्यावी. पावसाळ्यांत डबा पंधरा दिवसांतून एकदां, पाऊस उघडलेल्या दुपारीं, क्षणभरच उघडावा. आश्विनाच्या उन्हांत डबा पुसून पुडी पाहावी. आणि फाल्गुनांत आंकडा खालीं येऊं लागला म्हणजे पुडी ताजी करावी. एवढ्यानें वर्ष निभतें.

पुढील अंकीं बियाण्याच्या भाताविषयीं लिहूं. साठवणीच्या भातांत पाण्याचा अंश शेंकडा १४ हून अधिक नसावा असें शेतकीखातें सांगतें, आणि आमचीं कुळें तें दाण्याला दांत लावून सांगतात. शेणामातीनें लिंपलेला कणगा हें प्रमाण कसें संभाळतो, व पत्र्याच्या कोठींत तेंच भात का घामेजतें, याचा विचार त्या वेळीं करूं. ज्यांच्या घरीं अजून कणगा उभा आहे, त्यांनीं तो केव्हां लिंपला व त्यांतलें बी कसें उगवलें, तें आम्हांस अवश्य कळवावें.